नव्या तारा बसवूनही गिटार सुरात राहत नाही : काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

गिटारच्या तारा बदलल्या, ट्यूनर लावून सहाही तारा जुळवल्या, एक गाणे वाजवले आणि दुसरे सुरू करेपर्यंत गिटार पुन्हा बेसूर झाली, ही तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या नवशिक्यांची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. त्यांतले बहुतेक जण निदानही सोबत घेऊनच येतात : खुंट्या सैल झाल्या आहेत, नव्या टाकायच्या का? खुंट्या क्वचितच दोषी निघतात. पुढचे विवेचन स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारविषयी आहे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे.

लक्षणे

कशालाही हात लावण्यापूर्वी नेमके काय बिघडते आहे ते दहा मिनिटे नीट पाहावे, कारण वरवर सारख्या वाटणाऱ्या तक्रारींची कारणे निरनिराळी असतात.

सहाही तारा थोड्याथोड्या आणि साधारण सारख्याच उतरत असतील, आणि तारा बसवून एकदोन दिवसच झाले असतील, तर बहुधा बिघाड नाहीच. तारा अजून बसायच्या आहेत.

एकच तार पुन्हा पुन्हा उतरत असेल आणि बाकीच्या पाच जागच्या जागी असतील, तर त्या एका तारेचे खुंटीवरचे वेढे किंवा ब्रिजमधले, म्हणजे तारा जिथे गिटारच्या फळीला अडकतात त्या पट्टीतले, तिचे टोक तपासावे.

खुंटीची चावी फिरवताना काही वेळ स्वर हलतच नाही, मग ‘टिंग’ असा बारीक आवाज होऊन तो एकदम उडी मारतो, असे होत असेल तर तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आहे.

मोकळ्या तारा ट्यूनरवर अगदी बरोबर, पण कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) धरला की कानाला खटकते, असे असेल तर प्रश्न तारा जुळवण्याचा नाही. तो बोटांच्या दाबाचा, कॅपोचा (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याचा) किंवा सॅडलच्या (ब्रिजवरच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) जागेचा आहे.

कोणी हात न लावता सगळ्या तारा उतरण्याऐवजी चढल्या असतील, तर आधी हवेकडे पाहावे.

खुंटीवर आळ घेण्याआधी

तंबोऱ्याच्या लाकडी खुंट्या केवळ घर्षणावर टिकतात, म्हणून त्या सरकू लागल्या की वादक त्यांना खडू लावतात. ही आठवण ज्या घरांत गाणे आहे तिथे पक्की असते, आणि एका गृहस्थांनी त्याच न्यायाने मुलाच्या गिटारच्या खुंट्यांत खडूची पूड भरून आणलेली मी पाहिली आहे. गिटारच्या खुंटीची रचना मात्र वेगळी असते. चावीला जोडलेला मळसूत्री दांडा एका दातेरी चाकाला फिरवतो, आणि चावी साधारण १४ ते १८ वेळा फिरवावी तेव्हा ज्याला तार गुंडाळतात तो खांब एकदा फिरतो. मळसूत्र चाकाला फिरवू शकते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. त्यामुळे तारेने कितीही ओढले तरी धड असलेली खुंटी आपोआप उलटी फिरत नाही, आणि तार उतरत असेल तर ती दुसरीकडे कुठेतरी सरकते आहे, असे समजूनच शोध सुरू करावा.

किती सरकते, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लाइट गेज, म्हणजे कमी जाडीच्या, संचातली पहिली, सर्वांत पातळ तार ०.०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची असते. तिला तिच्या ई स्वरापर्यंत ताणले तरी ती सगळी मिळून साडेचार-पाच मिलिमीटरच लांबलेली असते. हिशेब मांडला तर यातला अर्धा मिलिमीटर कुठेही सैल पडला की स्वर जवळजवळ एका फ्रेटने, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांतल्या एका घराने, उतरतो. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ‘मी तर घट्ट बसवली होती’ हे प्रत्येकाचे म्हणणे प्रामाणिक असते आणि तरीही तार उतरते.

ट्यूनर नीट लावला आहे का

या तपासणीला पैसे लागत नाहीत, तरी ती वगळू नये. ट्यूनरवर किंवा फोनच्या अ‍ॅपवर ए स्वर ४४० हर्ट्झला लावलेला आहे, हे पाहावे. चुकून बोट लागून तो ४३२ किंवा ४४५ झाला असेल तर गिटार स्वतःशी जुळलेली राहील, पण इतर कोणत्याही वाद्याशी जुळणार नाही. फोनचा मायक्रोफोन पंख्याचा आणि रस्त्याचा आवाजही ऐकतो. हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या खुंट्या असलेल्या टोकाला, चिमट्यासारखा लागणारा ट्यूनर लाकडाचे कंपन घेतो, म्हणून गोंगाटाच्या घरात तोच बरा.

सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून स्वर असे आहेत : ई ८२.४१, ए ११०, डी १४६.८३, जी १९६, बी २४६.९४ आणि ई ३२९.६३ हर्ट्झ. अ‍ॅपमध्ये हर्ट्झचा आकडा दिसत असेल तर तोही पाहावा, कारण नुसते अक्षर सप्तक सांगत नाही. पहिली तार ई म्हणून लावताना ती खाली राहिली आहे की वर गेली आहे, याचा अंदाज चुकला तर नवशिका ती तुटेपर्यंत पिळत राहतो. एक सप्तक चढवायला ताण चौपट लागतो आणि पहिली तार तिथवर पोहोचतच नाही. त्याहून सर्रास होणारी चूक म्हणजे छेडायची तिसरी तार आणि पिळायची दुसरीची चावी. स्वर हलत नाही म्हणून आणखी पिळायचे, आणि मग भलतीच तार फटकन तुटते. माझी पहिली तार अशीच गेली होती, म्हणून आजही मी चावीपासून तारेवर बोट फिरवत खाली येतो आणि मगच पिळतो.

खालून वर यावे, आणि फेऱ्या कराव्यात

स्वर चढला असेल तर चावी उलटी फिरवून बरोबर जागी थांबू नये. मुद्दाम आणखी खाली उतरावे आणि पुन्हा वर चढत स्वरावर यावे. खुंटीच्या दात्यांमध्ये थोडी फट असते. वरून खाली येऊन थांबले तर ती फट सैल बाजूला राहते, शिवाय नट आणि खांब यांच्यामधला तारेचा तुकडा ढिला पडतो. पहिल्या जोरकस स्ट्रोकबरोबर तोच ढिलेपणा पुढे सरकतो आणि तार उतरते.

सहा तारांचा ताण लाइट गेजमध्ये एकूण सुमारे ७० ते ७५ किलो असतो. तो वाढत जाईल तशी गिटारची मान आणि वरची फळी किंचित वाकते. म्हणून सहावी तार बरोबर लावून तुम्ही पहिलीपर्यंत पोहोचता तेव्हा सहावी उतरलेली असते. हा दोष नव्हे. सहाही तारा आधी अंदाजे जवळ आणाव्यात, मग दोन-तीन फेऱ्यांत अचूक कराव्यात. एकाच फेरीत काम उरकणाऱ्याला गिटार सुरात कधी मिळणारच नाही.

तार बसली आहे का

नवी तार ‘लांबते’ असे म्हणण्याची पद्धत आहे. पोलाद कायमचे फारसे लांबत नाही. आवळले जातात ते खांबावरचे वेढे, आणि आपल्या जागी रुतते ते ब्रिजमधले टोक. हे आपोआप व्हायला दोन-तीन दिवस लागतात, पण पाच मिनिटांतही करता येते. तार सुरात आणावी, बाराव्या फ्रेटच्या आसपास बोटांनी धरून फ्रेटबोर्डपासून एक-दीड सेंटिमीटर वर अलगद ओढावी, मग हात सरकवत साउंडहोलपर्यंत, म्हणजे फळीवरच्या गोल भोकापर्यंत, असेच करावे. ट्यूनरवर ती बरीच उतरलेली दिसेल. पुन्हा सुरात आणून पुन्हा ओढावी. तिसऱ्या-चौथ्या वेळी ओढूनही स्वर हलेनासा झाला की ती तार बसली. पातळ तारा बेताने ओढाव्यात, आणि तोंड तारेच्या रेषेत आणू नये. चष्मा असेल तर डोळ्यांवर ठेवावा.

नायलॉनच्या तारांना हा उपाय अर्धाच लागू पडतो. नायलॉन खरोखर लांबतो आणि त्या तारा स्थिरावायला आठवडा लागू शकतो. तोवर रोज जुळवत राहावे.

खांबावरचे वेढे

माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींपैकी सर्वाधिक इथेच संपतात. चांगल्या बसलेल्या जाड तारेला खांबाभोवती दोन ते अडीच वेढे असतात, पातळ तारेला तीन किंवा थोडे जास्त. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली, हेडस्टॉकच्या लाकडाकडे जातो, आणि कोणताही वेढा दुसऱ्यावर चढलेला नसतो. नवशिक्याच्या गिटारवर दोन टोके दिसतात. एक तर तार आधीच कापलेली असते आणि खांबावर जेमतेम एक वेढा उरतो, तेव्हा ती सरळ निसटते. नाहीतर तार कापण्याची भीती वाटून सगळी लांबी गुंडाळलेली असते आणि खांबावर सात-आठ वेढ्यांचा लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा होतो. या गोळ्यात वेढे एकमेकांवर घसरतात. एक वेढा अर्धा मिलिमीटर खाली बसला की काय होते, तो हिशेब वर केलाच आहे.

उपाय साधा आहे. एका वेळी एकच तार सोडवावी. सहाही तारा एकदम काढल्याने गिटार मोडत नाही, पण सॅडल सैल असेल तर ते निखळून पडते, आणि शेजारची तार नमुना म्हणून डोळ्यांसमोर राहत नाही. तार पूर्ण सैल केल्याशिवाय कटर लावू नये. नवी तार ब्रिजमध्ये बसवून खांबाच्या भोकातून ताठ ओढावी, मग जाड तार सुमारे पाच सेंटिमीटर आणि पातळ तार सुमारे सात सेंटिमीटर परत मागे सोडावी. तेवढ्या ढिलाईतून हवे तितके वेढे मिळतात. भोकापाशी तार वाकवून दुमड पक्की करावी, एका हाताने तारेवर हलका ताण ठेवावा आणि दुसऱ्याने चावी फिरवावी. दोन्ही बाजूंच्या तारा खांबांच्या आतल्या अंगाने, म्हणजे हेडस्टॉकच्या मधल्या रेषेकडून वर जायला हव्यात. एखादी बाहेरून गेलेली दिसली तर ती उलटी गुंडाळली आहे. उरलेले टोक सुरात आणल्यावरच कापावे, तेही चार-पाच मिलिमीटर राखून. जाड तार आधी काटकोनात वाकवून वाकाच्या पुढे कापावी, नाहीतर काही तारांचे वरचे वेटोळे उसवते.

ब्रिजची पिन आणि आतली गोळी

वेढे निर्दोष आहेत आणि तरीही एकच तार उतरते आहे, तर दुसऱ्या टोकाकडे वळावे. तारेच्या टोकाला पितळेची छोटी गोळी असते. ती ब्रिजच्या भोकातून आत जाते आणि पिन तिला बाजूला दाबून फळीच्या आतल्या पट्टीवर टेकवते. तार पिन धरून ठेवते असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. पिन नुसती वाट अडवते, भार घेते ती आतली पट्टी.

फोनचा टॉर्च लावावा आणि साउंडहोलमधून एक लहान आरसा आत सरकवून ब्रिजच्या खालची बाजू पाहावी. सहा पिनांची टोके ओळीने दिसतात. प्रत्येक गोळी पिनेच्या शेजारी, लाकडाला चिकटून बसलेली हवी. दोषी तारेची गोळी बहुतेक वेळा पिनेच्या अगदी टोकावर तोललेली सापडते. ताण वाढतो तशी ती पिनेला हळूहळू वर ढकलते, आणि बाहेरून पाहिले तर ती पिन शेजारच्या पिनांपेक्षा केसभर उंच आलेली असते. हा केसभर फरक एकदा ओळखता आला की पुढे आरसाही लागत नाही, पिनांच्या माथ्यांवरून बोट फिरवले तरी कळते.

तार सैल करून पिन काढावी. स्ट्रिंग वाइंडरला (चावी भरभर फिरवण्याच्या साधनाला) त्यासाठीच खाच असते. नुसत्या पकडीने ओढल्यास पिनेचा माथा तुटतो. निघतच नसेल तर साउंडहोलमधून हात घालून नाण्याने खालून दाबावी. तारेच्या शेवटच्या सेंटिमीटरला गोळीच्या वर हलकासा बाक द्यावा, म्हणजे गोळी आपोआप लाकडाकडे झुकते. पिनेची खाच साउंडहोलकडे ठेवून पिन हलकेच बसवावी, आणि ती अंगठ्याने दाबून धरून तार वर ओढावी. गोळी टेकल्याचा बारीक ‘टक्’ हाताला जाणवतो. पिन ठोकून बसवायची नसते.

नटच्या खाचेत अडकणारी तार

नट म्हणजे हेडस्टॉकच्या सुरुवातीची हाडाची किंवा प्लॅस्टिकची खाचांची पट्टी. खाच अरुंद असेल तर चावी फिरवल्यावर ताण नटच्या मागेच साचतो आणि मग एकदम पुढे सुटतो, तोच ‘टिंग’. ट्यूनरवर बरोबर दिसलेली तार दोन कॉर्डनंतर बिघडते, ती याच साचलेल्या ताणामुळे. तिसरी आणि चौथी तार यात जास्त सापडते, कारण नेहमीच्या तीन-तीन खुंट्यांच्या हेडस्टॉकवर त्या सर्वांत दूरच्या खांबांकडे तिरक्या जातात. आधीपेक्षा जाड संच घातला असेल तर संशय पक्का समजावा.

तार सैल करून खाचेतून बाजूला काढावी आणि मऊ शिशाची पेन्सिल, टूबी किंवा फोरबी, खाचेत चार-पाच वेळा फिरवावी. शिशाची भुकटी तारेला घसरू देते. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये. ते लाकडात मुरते आणि धूळ धरून ठेवते. पेन्सिलने दोन-तीन दिवस बरे वाटून पुन्हा ‘टिंग’ येऊ लागले तर खाच रुंद करावी लागणार, आणि ते काम घरी करायचे नाही.

मग खुंटी

आता खुंटीकडे पाहायला हरकत नाही. चावीच्या टोकाचा स्क्रू आणि मागचे छोटे स्क्रू सैल असतील तर बेताने आवळावेत. बंद डब्याच्या खुंट्यांना हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूने एक षट्कोनी चाकी असते, तीही सैल होते. तिला बहुतेक गिटारना १० नंबरचा पाना लागतो. सैल खुंटी लाकडात डुलते आणि तेवढ्यानेही स्वर हलतो. पाना अंगाचा जोर लावून फिरवू नये, खाली लाकूड आहे.

हवा आणि जुन्या तारा

पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि गोव्यात, गिटारची फळी ओल शोषून फुगते, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून उंच होतात आणि स्वर चढतो. कोरड्या उन्हाळ्यात याच्या उलट होते. गिटारला ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. पावसाळ्यात ती पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेली गिटार लगेच जुळवू नये, वीस मिनिटे तशीच राहू द्यावी. मे महिन्यात बंद मोटारीत तर ती मुळीच ठेवू नये, कारण त्या उष्णतेने सरस मऊ पडतो.

मोकळी तार बरोबर आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार खटकणारी, असे असेल तर आधी कॅपो काढून आणि बोटाचा दाब कमी करून पाहावे. नवशिके दुप्पट जोराने दाबतात आणि त्याने तार चढते. मग तारांचे वय पाहावे. घाम, मळ आणि गंज सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे तारेचे वजन लांबीभर सारखे राहत नाही आणि ती फ्रेटगणिक वेगळी बोलते. तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवावे. फ्रेटच्या जागी खळगे लागले तर ती तार बदलावी. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने तारा पुसल्या तर समुद्राकाठच्या हवेतही त्या बऱ्याच टिकतात.

इथे थांबावे

पुढीलपैकी काही दिसले तर स्वतः काही न करता गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जावे.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे. सगळ्या तारा त्याच क्षणी सैल कराव्यात. नायलॉनच्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्यावर हे हमखास होते, कारण ती साधारण निम्म्याच ताणासाठी बांधलेली असते. बाजारातला झटपट चिकटणारा गोंद लावू नये. तो खरवडून काढण्यात कारागिराचे दुप्पट काम वाढते.

नटच्या मागे किंवा मान जिथे शरीराला मिळते तिथे चीर दिसत असेल. आरशात आतली पट्टी गोळ्यांनी कुरतडलेली दिसत असेल. चावी फिरते पण खांब फिरत नाही किंवा दाते उडी मारतात असे होत असेल. नवी तार दर वेळी सॅडलवर नेमक्या एकाच जागी तुटत असेल. किंवा नव्या तारांवरही बाराव्या फ्रेटचा स्वर चुकत असेल, तर ती घरातली कामे नव्हेत. नटची खाच कानशीने घासू नये, कारण एकदा खोल गेलेली खाच वर येत नाही. मानेतला ट्रस रॉड गिटार सुरात आणण्यासाठी नसतो, तो मानेचा बाक सांभाळतो. व्हिडिओ पाहून तो पिळलेल्या दोन गिटार माझ्याकडे आल्या आणि दोन्ही मला पुढे धाडाव्या लागल्या.

कारागिराकडे जाताना तारांच्या संचाचे रिकामे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे गेज कळते. कोणती तार, किती वेळात आणि किती फ्रेट उतरते हे कागदावर लिहून द्यावे, आणि वरीलपैकी काय काय करून झाले तेही सांगावे, नटला पेन्सिल लावली असेल तर तेसुद्धा.